एक रायफल, दोन कामे: शिकार आणि सामना यांसाठी एकच व्हेरिएबल स्कोप

रायफल ६.५ क्रीडमोर या काडतुसाची आहे. बोल्ट ॲक्शन, २४ इंची मध्यम जाडीची बॅरल, १४० ग्रेनची गोळी साधारण ८२० मीटर प्रतिसेकंद वेगाने. वर्षातला काही काळ ती परवान्याच्या शिकारीला जाते. तिथे बहुतेक संधी झाडीत ३० ते १५० मीटरवर येतात, त्याही पहाटे किंवा तिन्हीसांजेला. उघड्या उतारावर कधीमधी २५०–३०० मीटर. उरलेला काळ तीच रायफल स्टीलच्या प्लेटवरच्या फील्ड सामन्यांत असते: ३०० ते १००० मीटर, प्रत्येक स्टेजला दीड-दोन मिनिटे, अडथळ्यांवर टेकून नेम, आणि स्कोपसकट (स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण) सगळ्या जोडणीला १२ पौंडांची म्हणजे ५.४४ किलोंची मर्यादा. दोन स्कोप आलटूनपालटून लावायचे नाहीत, कारण प्रत्येक अदलाबदलीनंतर झिरो (ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावरच लागेल अशी जुळणी) तपासावा लागतो आणि शिकारीच्या आदल्या संध्याकाळी ते नीट होत नाही. म्हणून स्कोप एकच हवा.

पहिला विचार ५–२५×५६चा, म्हणजे ५ ते २५ पट पॉवर आणि ५६ मिमी भिंग असलेल्या स्कोपचा झाला. सामन्यात दिसणारे बरेच स्कोप त्या मापाचे असतात, त्यामुळे तो विचार स्वाभाविक आहे. पण या रायफलीसाठी तो चुकीचा ठरतो, आणि का ठरतो हे कळले की बाकीची निवड सोपी होते.

आधी वजन

मोजमाप असे आले. रिकाम्या मॅगझिनसह रायफल ३.८० किलो, बायपॉड (दोन पायांचा टेकू) ०.४५, मझल ब्रेक (धक्का कमी करणारा बॅरलच्या तोंडावरचा भाग) ०.१०, रेल आणि रिंग (स्कोप बसवायची पट्टी आणि कडी) ०.२०, पट्टा आणि छोटी पाणसळ ०.१२. बेरीज ४.६७ किलो. म्हणजे स्कोपच्या वाट्याला ०.७७ किलो उरतात. ३४ मिमी नळीचा ५–२५×५६ साधारण १.०५ किलोचा असतो. तो २८० ग्रॅमने मर्यादेबाहेर जातो. बायपॉड काढला तर बसतो, पण मग झोपून मारायच्या स्टेजला काय करायचे? शिवाय एवढे वजन बॅरलच्या पोकळीपासून उंचावर बसते. पट्ट्यावर लटकलेली रायफल सारखी कलंडते आणि उभ्याने नेम घेताना डोलते. दिवसभर चालल्यावर हे फार जाणवते.

४४ मिमी भिंगाचे, ३० मिमी नळीचे ३–१५ स्कोप ७००–८०० ग्रॅमच्या आसपास मिळतात. या हिशेबात ७५० ग्रॅमचा बसतो, वर २० ग्रॅम शिल्लक.

खालचा आकडा

स्कोप घेताना लोक वरची पॉवर बघतात. शिकारीचा निकाल मात्र खालच्या पॉवरवर लागतो. ५ पॉवरला १०० मीटरवर साधारण ८ मीटर रुंदीचे दृश्य दिसते. ३० मीटरवर ते जेमतेम २.४ मीटर. झाडीतून आडवे निघालेले रानडुक्कर त्यात सापडेपर्यंत पुढच्या झुडपाआड जाते. सापडले तरी ते एकटेच होते की मागे पिल्ले होती, हे कळत नाही. शिकाऱ्याने ट्रिगरला बोट लावण्याआधी हे कळलेच पाहिजे. ३ पॉवरला तीच रुंदी १०० मीटरवर १२–१३ मीटर, म्हणजे ३० मीटरवर पावणेचार मीटर. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम घेणे इथे जमते.

उजेडाचा हिशेबही याच बाजूला झुकतो. भिंगाचा व्यास भागिले पॉवर म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास, अर्थात एक्झिट प्युपिल. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढले की पाचच्या आसपास थांबते. ४४ मिमी भिंग ६ पॉवरला ७.३ मिमी झोत देते, ८ पॉवरला ५.५, आणि १५ पॉवरला २.९. म्हणजे तिन्हीसांजेला ६ ते ८ पॉवरवर ठेवले तर ४४ मिमीचे भिंग पुरते. ५६ मिमीच्या भिंगाचा फायदा ८ ते ११ पॉवरवर खरा आहे. मचाणावर बसून उशिरापर्यंत वाट पाहणाऱ्याने तेच घ्यावे. चालत शिकार करणाऱ्याला त्यासाठी जादा वजन आणि उंच रिंग सोसायचे कारण नाही.

संध्याकाळी चित्र काळवंडले की हात आपसूक पॉवर वाढवायला जातो. पॉवर कमी करावी. १५वरून ७वर आले की तेच जनावर उजळ दिसते.

रेटिकल कुठल्या प्रतलात

निवडीतला सगळ्यात अवघड प्रश्न हाच होता, कारण इथे दोन कामांच्या गरजा उघड उघड एकमेकींच्या विरुद्ध जातात.

सेकंड फोकल प्लेन स्कोपमध्ये रेटिकल (नेमाच्या रेघा आणि खुणा) झूमच्या मागच्या प्रतलात असते, त्यामुळे त्याची जाडी कुठल्याही पॉवरला डोळ्याला तेवढीच दिसते. ३ पॉवरला, झाडीच्या काळोख्या पार्श्वभूमीवरही ते ठळक राहते. शिकारीला हे उत्तम. पण त्यावरच्या खुणांचे माप एकाच पॉवरला खरे असते, बहुधा सर्वांत वरच्या. १५ पॉवरला जमवलेले रेटिकल १० पॉवरला वापरले तर १ मिलची (मिल हे कोनाचे माप, १०० मीटरवर १० सेंमी) खूण प्रत्यक्षात १.५ मिल होते. वाऱ्यासाठी नेम १.२ मिल बाजूला धरायचे ठरवले, तर हातून १.८ धरले जातात, ०.६ मिलचा फरक ६०० मीटरवर ३६ सेंमी होतो आणि प्लेट साफ चुकते. सामन्यात पॉवर सतत बदलते. लक्ष्य शोधायला खाली, मारायला वर. घड्याळ चालू असताना गुणाकार डोक्यात करणारा नेमबाज विरळाच.

फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, म्हणजे झूमच्या पुढच्या प्रतलात, रेटिकल चित्राबरोबर लहानमोठे होते, त्यामुळे १ मिल प्रत्येक पॉवरला १ मिलच राहतो. तोटा खालच्या टोकाला आहे, आणि तो आकड्यांत बघावा. मधली रेघ ०.०४ मिल जाडीची असेल तर १५ पॉवरला डोळ्याला ती ०.६ मिल, म्हणजे सुमारे २ आर्कमिनिट (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) जाड दिसते, स्पष्ट. ३ पॉवरला तीच रेघ ०.१२ मिल, म्हणजे ०.४ आर्कमिनिट. निरोगी डोळ्याची फरक ओळखण्याची क्षमता साधारण १ आर्कमिनिटची आहे. पांढऱ्या भिंतीवर ती रेघ कशीबशी दिसेल, ओल्या काळ्या झाडीत हरवेल. ५–२५ स्कोपमध्ये रेघा बहुधा आणखी बारीक, ०.०३ मिलच्या आसपास असतात. ५ पॉवरला त्या ०.५ आर्कमिनिटच दिसतात, म्हणजे खालची पॉवर जास्त असूनही तिथे सुटका नाही.

म्हणून फर्स्ट फोकल प्लेन घ्यायचा तर रेटिकल निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, बाहेरचे जाड दांडे. ते ०.५ मिल जाडीचे असतील तर ३ पॉवरला ५ आर्कमिनिट जाड दिसतात आणि नजरेला मध्याकडे ओढतात. ते केंद्रापासून ५ मिलवर संपत असतील तर मधली मोकळी जागा १० मिलची, म्हणजे ५० मीटरवर अर्ध्या मीटरची राहते. नुसत्या दांड्यांच्या आधाराने नेम धरायला ती फार मोठी आहे. म्हणून दुसरी गोष्ट: फक्त मधला ठिपका किंवा छोटी फुली उजळणारी लाइट, अगदी मंद पायऱ्यांसकट. तिन्हीसांजेला प्रखर लाइट बाहुली आक्रसवते आणि जनावरच दिसेनासे होते. संपूर्ण जाळी उजळणारे रेटिकल याच कारणाने नाकारले. काही प्रदेशांत शिकारीला प्रकाशित रेटिकल वापरायला मनाई आहे. स्थानिक नियम आधी वाचावा.

खाली पसरत जाणारी ठिपक्यांची दाट जाळी सामन्यात उपयोगी पडते, झाडीत फांद्यांत मिसळून गोंधळ करते. इथे मधला मार्ग घेतला: आडव्या-उभ्या रेघांवर ०.२ मिलच्या खुणा, खालची जाळी नाही. उंची टरेटवर (नेम सरकवणाऱ्या गोल घुंडीवर) फिरवायची आणि वारा रेघेवर धरायचा असेल तर जाळीवाचून काही अडत नाही.

ज्याचे नव्वद टक्के काम शिकारीचे आहे आणि जो ३०० मीटरपलीकडे जात नाही, त्याने सेकंड फोकल प्लेनच घ्यावा. या प्रकरणात वर्षातल्या बहुतेक फैरी सामन्यात झडतात, म्हणून कौल फर्स्टला.

वरच्या टोकाला १५ पुरते का?

७०० मीटरवरची ३० सेंमीची प्लेट ०.४३ मिलची असते. १५ पॉवरला ती डोळ्याला सुमारे २२ आर्कमिनिटांची दिसते. नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र साधारण ३१ आर्कमिनिटांचा दिसतो. चंद्राच्या पाऊणपट दिसणाऱ्या प्लेटच्या मध्यावर नेम धरणे अवघड नाही. कागदावर बारीक ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) काढणाऱ्यासाठी २५ पॉवरला अर्थ आहे. फील्ड सामन्यात मात्र अडथळ्यावर टेकलेली रायफल हलते, दुपारी मृगजळाच्या लाटा उठतात आणि पॉवर वाढवली की दोन्ही तितक्याच पटीने वाढतात. शिवाय धक्क्यानंतर आपलीच गोळी कुठे पडली हे दिसायला रुंद दृश्य लागते. बरेच अनुभवी नेमबाज याच कारणाने २५चा स्कोप १२ ते १८वर ठेवून वापरतात.

२.५–२० सारखे आठपट झूमचे आखूड स्कोपही विचारात घेतले. कागदावर सगळे मिळते. पण वरच्या पॉवरला डोळा ठेवायची जागा नेमकी लागते आणि पॅरॅलॅक्सची (डोळा सरकला की फुली लक्ष्यावरून हलल्यासारखी दिसण्याचा दोष घालवणारी) चकती किंचित हलली की चित्र बिघडते. वाकड्यातिकड्या बैठकीत हे त्रासाचे. पाचपट झूम या कामाला जास्त क्षमाशील आहे.

उंचीचा प्रवास, रेल आणि पॅरॅलॅक्स

१०० मीटर झिरोवरून १००० मीटरसाठी या गोळीला समुद्रसपाटीच्या हवेत साडेनऊ-दहा मिल वर जावे लागते. निवडलेल्या ३–१५×४४ स्कोपचा एकूण उभा प्रवास २४ मिल, म्हणजे मध्यापासून वर १२. सपाट रेलवर बसवताना एक-दोन मिल बसवणीच्या फरकातच जातात, आणि शेवटच्या टोकाला आडवा प्रवासही आकसतो, कारण आतली नळी गोल आहे. म्हणून २० एमओए (एमओए म्हणजे आर्कमिनिटच) उताराची रेल घेतली. २० एमओए म्हणजे ५.८ मिल: वर साधारण १७–१८, खाली सहा. ४० एमओएची रेल घेतली असती तर खाली ०.४ मिल उरले असते आणि १०० मीटरचा झिरोच कदाचित मिळाला नसता. जास्त उतार म्हणजे जास्त चांगले, असे नाही.

टरेट आणि रेटिकल दोन्ही मिलमध्येच हवीत. एमओए टरेट आणि मिल रेटिकल अशी जोडी अजूनही भेटते. १ मिल म्हणजे ३.४४ एमओए हे गणित स्टेजवर करत बसू नये. ०.१ मिलची एक क्लिक १०० मीटरवर १ सेंमी सरकवते, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

साध्या ३–९×४० शिकारी स्कोपवर हे सामने का जमत नाहीत, त्याचे मोठे कारण पॅरॅलॅक्स आहे. तो १०० मीटरला पक्का केलेला असतो. जास्तीत जास्त चूक = भिंगाची त्रिज्या × (लक्ष्याचे अंतर − पक्के अंतर) ÷ पक्के अंतर. ७०० मीटरला २० × ६०० ÷ १०० = १२० मिमी. डोळा मध्यावरून सरकला तर ३० सेंमीच्या प्लेटवर १२ सेंमी असेच जातात. म्हणून बाजूला पॅरॅलॅक्सची चकती हवीच, २५–३० मीटरपासून अनंतापर्यंत. शिकारीला निघताना ती १५० मीटरवर ठेवून विसरावी: ४४ मिमी भिंगाला ५० मीटरवर दीड सेंमी आणि ३०० मीटरवर २.२ सेंमी, एवढीच कमाल चूक राहते.

बसवणी

रिंग नळीच्या मापाची. हे सांगायची गरज पडते, कारण ३० आणि ३४ मिमीबरोबर आता ३५ मिमीच्या नळ्याही आहेत (ल्युपोल्ड मार्क ५एचडी) आणि ३४च्या रिंगमध्ये ३५ची नळी दाबून बसवायचा प्रयत्न करणारे भेटतात. उंची अशी काढावी: भिंगाच्या घंटेचा (पुढच्या रुंद भागाचा) बाहेरचा व्यास ५० मिमी, त्याचे निम्मे २५, झाकणाची जाडी २, मोकळी फट २, म्हणजे घंटेखाली रेल येत असेल तर रेलच्या माथ्यापासून नळीच्या मध्यापर्यंत किमान २९ मिमी. रेल आखूड असेल तर याहून खाली जाता येते. बोल्टचा दांडा उचलल्यावर आयपीसला (डोळ्याकडच्या भागाला) किंवा पॉवर फिरवायच्या दांडीला अडत नाही ना, हेही बघावे.

रेलचे स्क्रू आणि भोके स्पिरिटने पुसून तेल काढावे. स्क्रूंचा टॉर्क (आवळायचा जोर) रेल बनवणाऱ्याने दिलेला. रिंगचे खालचे बोल्ट आवळण्याआधी रिंग रेलच्या खाचेत पुढे, बॅरलच्या तोंडाकडे ढकलून धरावी. धक्क्यात रायफल मागे येते आणि स्कोप जागीच राहू पाहतो. खाचेत फट असेल तर पहिल्या काही फैरींत तो पुढे घसरतो. रिंगच्या वरच्या टोप्या १५ ते १८ इंच-पौंड, म्हणजे १.७ ते २.० न्यूटन-मीटर, फुलीच्या क्रमाने आणि दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या ठेवून. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) ओला असताना वंगणासारखे काम करतो, त्याच टॉर्कला पकड जास्त बसते. त्यामुळे टोप्यांना तो न लावलेला बरा. आवळल्यावर पॉवरची रिंग किंवा पॅरॅलॅक्सची चकती जड झाली तर समजावे की नळी पिळली जाते आहे.

डोळ्याचे अंतर १५ पॉवरला, झोपून ठरवावे. तिथे डोळ्याची जागा सर्वांत अरुंद असते. मग उभे राहून, थंडीचे जाड कपडे घालून पुन्हा बघावे. आयपीसचा फोकस फक्त रेटिकलसाठी आहे: मोकळ्या आभाळाकडे दोन सेकंद बघायचे, रेघा झटक्यात तीक्ष्ण दिसायला हव्यात. जास्त वेळ बघितले की डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो.

उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवली. १००० मीटरसाठी १० मिल फिरवले असताना १ अंशाचा कल गोळीला १७ सेंमी बाजूला नेतो, ३ अंशांचा अर्धा मीटरहून जास्त.

टरेटची परीक्षा

गोळी न झाडता होते. रायफल शिकंज्यात घट्ट. टेपने मोजलेले १०० मीटर; लेझरच्या एका मीटरच्या चुकीने इथे एक टक्का बिघडतो. समोर ओळंब्यात लावलेली, सेंटीमीटर आखलेली उभी पट्टी. १० मिल फिरवले की फुली १०० सेंमी सरकली पाहिजे. या स्कोपवर ती ९८.५ सेंमी सरकली, परत शून्यावर आली, आणि पुन्हा केल्यावरही तेवढीच. म्हणजे टरेट दीड टक्का कमी चालते. १००० मीटरवर ही तूट १५ सेंमीच्या आसपास, ४० सेंमीच्या प्लेटच्या कडेला जायला पुरेशी.

दरवेळी तेवढीच येणारी चूक बॅलिस्टिक ॲपमध्ये १.०१५ गुणक घालून भरून निघते. दरवेळी वेगळी येणारी, किंवा शून्यावर परत न येणारी चूक असेल तर स्कोप परत करावा; त्यावर इलाज नाही. एक बारकावा सहज सुटतो: हा गुणक टरेटपुरताच आहे. रेटिकल काचेवर कोरलेले असते. पट्टीवर पाहिले तर त्याचे १० मिल बरोबर १०० सेंमी भरले. अर्धी उंची फिरवून अर्धी रेघेवर धरायची वेळ आली तर रेघेवर धरलेल्या भागाला गुणक लावायचा नाही.

दोन कामांसाठी दोन मांडण्या

झिरो १०० मीटरला, झिरो स्टॉप (टरेटला आणखी खाली फिरू न देणारा अडसर) त्याखाली ०.३ मिलवर. अगदी झिरोवर ठेवला तर दुसऱ्या लॉटच्या गोळ्या किंचित वर लागल्या की खाली यायला जागा उरत नाही.

सामन्याला उंची टरेटवर, वारा रेघेवर, आडवे टरेट टोपीखाली बंद. शिकारीला उंची ०.५ मिलवर ठेवून टरेट लॉक करायचे: १०० मीटरवर गोळी ५ सेंमी वर, २०० मीटरवर जवळजवळ नेमकी. लॉक नसलेले टरेट पट्ट्याला घासून फिरते. पूर्ण फेरा १० मिलचा असेल तर तो १०० मीटरवर एक मीटरची चूक करतो आणि आकडा मात्र तोच दाखवतो. म्हणून लॉकिंग टरेट ही या प्रकरणात अट होती. चालताना पॉवर ३वर, पॅरॅलॅक्स १५०वर, लाइट बंद पण मंद पायरीच्या शेजारी. जादा सीआर२०३२ बॅटरी खिशात.

नंतर आलेला दोष

सुमारे ऐंशी फैरींनंतर १०० मीटरवरचा ग्रुप उभा पसरू लागला, तीन सेंमीपर्यंत. संशय अर्थातच नव्या स्कोपवर गेला. पण तपासायचा क्रम खालून वर आहे: आधी ॲक्शनचे स्क्रू, मग रेलचे, मग रिंगचे खालचे बोल्ट, मग टोप्या, आणि सगळे घट्ट निघाले तरच स्कोप. इथे रेलचा पुढचा स्क्रू सैल होता. तो रिंगच्या पायाखाली झाकला गेल्यामुळे बाहेरून दिसत नव्हता. भोकात कारखान्याचे तेल राहिले होते. रिंग काढून भोक साफ केले आणि चारही स्क्रू ठरलेल्या टॉर्कला आवळले. रेलच्या स्क्रूंना थोडासा काढता येणारा थ्रेडलॉकर लावला, कारण ते रोज उघडायचे नसतात आणि रिंगखाली गेल्यावर नजरेआड असतात. जे उघडे आहेत त्या प्रत्येक बोल्टवर आणि लगतच्या धातूवर सलग एक बारीक रंगाची रेघ ओढली. ती रेघ तुटलेली दिसली की टॉर्क रेंच काढायचा. शाबूत असेल तर हात लावायचा नाही, कारण पुन्हा पुन्हा आवळण्यानेही झिरो सरकतो.